सोसायटीच्या रंगकामाला पेंटर दोरावर लटकणार आहेत, बेल्ट आणि दोर नेमके तपासायचे कसे?

खजिनदार_ठाणे

नमस्कार मंडळी, जरा तातडीने माहिती हवी आहे. आमची सोसायटी ठाण्यात, दोन विंग, तळमजला अधिक १४. बाहेरून क्रॅक फिलिंग, वॉटरप्रूफिंग आणि मग रंग असं मोठं काम काढलंय. एसजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत, तीन कोटेशन ठेवली होती, त्यातलं सगळ्यात कमीचं पास झालं, सामान आलंय आणि सोमवारपासून माणसं झुल्यावर बसणार आहेत.

काल संध्याकाळी गच्चीवर सहज गेलो तर त्यांचं सामान पाण्याच्या टाकीखाली पडलेलं होतं. सहा बेल्ट आहेत, पायात घालायचे पट्टे असलेले, म्हणजे फुल बॉडी हार्नेस म्हणतात ते. त्यातल्या दोनांवरचं लेबल पार फाटलेलं, एकावर रंगाचे एवढे थर की पट्टा कडक झालाय, आणि एकाच्या मागच्या दोरीला मध्येच गाठ मारून ती आखूड केलेली. दोर निळ्या रंगाचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला प्लॅस्टिकचा. आणि तो बांधलाय कुठे तर टाकीतून खाली येणाऱ्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपला, झुल्याचा दोरही तिथेच आणि सेफ्टीचा दोरही तिथेच.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो साहेब बेल्ट आहे ना सगळ्यांना, वीस वर्षं हेच करतोय. कमिटीतले दोघंतिघं म्हणतात की आपण कामाचे पैसे देतो, सेफ्टी ही त्याची जबाबदारी, आपण मध्ये पडलो तर उलट आपल्या अंगावर येईल. मला हे पटत नाहीये. खाली लहान मुलं खेळतात ते एक, पण मुळात वर लटकणारा माणूस आपल्या भिंतीसाठी लटकतोय. मी अकाउंट्सचा माणूस, मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा, मी स्वतः गच्चीवर जाऊन काय बघू, काय हाताने चाचपू, आणि कशावर काम थांबवू?

---

चाकणचा_सेफ्टीवाला

दादा आधी एक सांगतो, सोमवारी काम सुरू करू देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातली एकेक गोष्ट काम थांबवायला पुरेशी आहे. मी चाकण एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर आहे, शेडवर पत्रे बदलणं, क्रेनच्या गर्डरवरची कामं, टॉवर हे रोजचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक बेल्ट बघतात, बेल्ट कशाला अडकवलाय ते बघत नाहीत. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात भयंकर गोष्ट तो फाटका बेल्ट नाही, तो जीआय पाइप आहे. माणूस पडून दोरावर थांबतो तेव्हा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. अमेरिकेच्या ओशाच्या, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार सुरक्षा खात्याच्या, नियमात एका माणसासाठी अँकर ५००० पौंड धरायला हवा, म्हणजे सव्वादोन टनाच्या वर. युरोपच्या ईएन ७९५ मध्ये लोखंडी अँकरची टेस्ट १२ किलोन्यूटनला घेतात, ढोबळ मानाने बाराशे किलो. आता तुमचा तो पाइप दोन क्लॅम्पवर आणि थ्रेडच्या सॉकेटवर उभा आहे, आतून गंजलेला, त्याला हे झेपेल का तुम्हीच बघा. पॅरापेटची म्हणजे गच्चीच्या कठड्याची भिंत, त्यातल्या सळ्या, कपडे वाळत घालायचे हुक, डिश अँटेनाचा स्टँड, सोलरचा स्टँड, केबलवाल्याचा खांब, यातलं काहीही अँकर नाही. बांधायचं ते आरसीसी कॉलमला, टाकी ज्यावर उभी आहे त्या कॉलमच्या बुडाला किंवा लिफ्ट मशीन रूमच्या कॉलमला, आणि तेही विटांची भिंत कुठली आणि कॉलम कुठला हे इंजिनिअरने दाखवल्यावर. प्लॅस्टर केल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तुमचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर त्याच इंजिनिअरला तासभर गच्चीवर बोलवा, त्याच्याकडून खडूने खुणा करून घ्या आणि लेखी घ्या. कॉलमचं काँक्रीट फुगलेलं असेल, सळई उघडी पडली असेल तर तो कॉलम बाद.

दुसरं, झुल्याचा दोर आणि सेफ्टीचा दोर एकाच ठिकाणी कधीच नाही. सेफ्टीचा दोर असतोच मुळी झुल्याचा दोर गेला तर म्हणून. दोन्ही एकाच पाइपला असतील तर पाइप निघाला की दोन्ही एकदम खाली.

आता बेल्ट. हातात घेऊन बघा, लांबून नाही. लेबल वाचता आलं पाहिजे, त्यावर स्टँडर्ड, आपल्याकडे आयएस ३५२१ किंवा बाहेरचा माल असेल तर ईएन ३६१, सिरीयल नंबर आणि बनवल्याची तारीख. लेबल नाही म्हणजे त्याचं वय माहीत नाही, इतिहास माहीत नाही, तो बाद, यात चर्चा नाही. मग पट्टा दोन्ही हातांत धरून उलटा यू करून वाकवा आणि इंच इंच पुढे सरकवा, असं वाकवलं की कापलेले धागे वर येतात, सरळ ठेवल्यावर दिसत नाहीत. शिलाई मुद्दाम वेगळ्या रंगाची असते, तुटलेला टाका लगेच दिसावा म्हणून. भाजल्यासारखा चकाकणारा कडक डाग दिसला तर तिथे ग्राइंडरची किंवा वेल्डिंगची ठिणगी लागलीय. डी रिंग, म्हणजे दोरी अडकवायची धातूची कडी, वाकलेली, गंजून खड्डे पडलेली नको. रंगाने कडक झालेला पट्टा तुम्ही लिहिलाय, तो पण बाद, कारण रंगाखाली काय आहे ते तपासताच येत नाही आणि थिनरने धुतला असेल तर अजून वाईट.

मागच्या दोरीला, म्हणजे लॅनयार्डला, शॉक अब्सॉर्बर आहे का बघा. छोट्या पाकिटासारखं असतं, आत पट्टा घडी घालून शिवलेला असतो, झटका बसला की टाके उसवत जातात आणि ती घडी उलगडत माणसाला हळू थांबवते. युरोपियन स्टँडर्डप्रमाणे अंगावर येणारा झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायचं काम त्याचं. ते पाकीट उघडं असेल, टाके उसवलेले असतील तर त्यावर आधीच कुणीतरी पडून झालाय असं समजा. आणि लॅनयार्डला गाठ म्हणजे ताकद सरळ तीस ते पन्नास टक्के गेली.

---

नवव्या_मजल्यावरची

खूप चांगला विषय काढलात. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे पण इथेच विचारते. आमच्याकडे एसीचं सर्व्हिसिंग करायला मुलं येतात, विशीतली असतात, आणि आउटडोअर युनिट खिडकीबाहेर छज्ज्यावर असतं. परवा शेजारच्या काकूंकडे एक मुलगा नवव्या मजल्याच्या खिडकीतून नुसता चप्पल काढून छज्ज्यावर उतरला, हातात स्पॅनर आणि दुसऱ्या हाताने ग्रिल धरलेलं. मी ओरडले तर म्हणतो "कुछ नहीं होता दीदी". मी त्याला आत यायला लावलं, काकू मला म्हणाल्या तू उगाच वेळ घालवतेस त्याचा. कंपनीने बेल्ट दिलाय का विचारलं तर दिलाय म्हणे, गाडीच्या डिकीत आहे.

अशा वेळी घरात बेल्ट अडकवायचा कशाला? ग्रिलला चालेल का?

---

चाकणचा_सेफ्टीवाला

ताई, ग्रिलला अजिबात नाही. खिडकीचं ग्रिल चार-सहा स्क्रूवर प्लॅस्टरमध्ये नाहीतर ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसवलेलं असतं, ते चोर येऊ नये म्हणून, माणूस पेलायला नाही. बाल्कनीचं रेलिंगसुद्धा नाही, विशेषतः काचेचं.

घरातून काम करायचं असेल तर आडव्या बारचा अँकर मिळतो, दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूने दोन्हीकडच्या भिंतींवर टेकणारा, माणूस ओढला गेला की बार भिंतीत दाबला जातो. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांच्याकडे असायला हवा. तो नसेल तर आतल्या आरसीसी कॉलमला पट्ट्याचा स्लिंग गुंडाळता येतो का बघायचं, पण फ्लॅटमध्ये कॉलम भिंतीत गाडलेले असतात त्यामुळे बहुतेक वेळा जमत नाही. आणि लॅनयार्डची लांबी एवढीच ठेवायची की माणूस छज्ज्याच्या कडेपर्यंत पोचू नये. पडल्यावर अडवण्यापेक्षा पडण्याच्या जागेपर्यंत जाऊच न देणं केव्हाही चांगलं.

खरं सांगायचं तर बेल्ट हा शेवटचा उपाय. युनिट लावतानाच ते आतून हात पोचेल असं लावलं तर छज्ज्यावर उतरायचा प्रश्नच येत नाही. सोसायटीने आउटडोअर युनिटची जागा ठरवून द्यावी, नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला हे आधी विचारावं.

---

रंगवाला_भांडुप

मी स्वतः पेंटिंगची कामं घेतो, मुंबई उपनगरात, म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका कोणी. सगळे ठेकेदार माणसांच्या जिवावर उठलेले नसतात. पण सोसायटीवाले काय करतात ते पण बघा. मी कोटेशनमध्ये सेफ्टीची वेगळी लाइन टाकतो, नवीन हार्नेस, नवीन दोर, गच्चीवर एक माणूस फक्त दोर सांभाळायला, खाली एक माणूस नेट आणि रिबिन बघायला. तर मीटिंगमध्ये पहिली तीच लाइन कापतात. "हे तुमचं तुम्ही बघा, आम्हाला स्क्वेअर फुटाचा रेट सांगा." मग ज्याने ती लाइन टाकलीच नाही त्याला काम जातं. खजिनदार साहेब, तुमचंही सगळ्यात कमीचं कोटेशन पास झालंय असं तुम्हीच लिहिलंय. त्या रेटमध्ये काय बसतं आणि काय नाही ते मला कागद न बघता सांगता येईल.

आता कामाचं बोलतो. तो निळा दोर पीपीचा आहे, पॉलिप्रॉपिलीन. स्वस्त, हलका, पाण्यात भिजत नाही म्हणून सगळ्यांना आवडतो, बादली वर घ्यायला उत्तम आहे. माणसासाठी नाही. उन्हाने मरतो तो. तुम्ही बाहेरच्या बाजूला मूठ आवळून दोरावरून हात ओढा, तळहाताला पांढुरकी भुकटी लागली किंवा बारीक काटे टोचले तर दोर उन्हाने जळालाय, आतून ताजा दिसला तरी. शिवाय पीपी १६० ते १६५ डिग्रीला वितळतं, पॅरापेटच्या कडेवर जोरात घासला किंवा क्रॅक उघडायला ग्राइंडर चालवताना जवळ आला तर खेळ खल्लास. माझ्याकडे झुल्यालाही आणि लाइफलाइनलाही, म्हणजे सेफ्टीच्या दोरालाही, आतला गाभा आणि वरून विणलेलं कव्हर असलेला दोर आहे, महाग जातो पण दोर कुठे खराब झालाय ते कव्हरवर कळतं.

कड हा आमच्या धंद्यातला खरा शत्रू. दोर गच्चीवरून पॅरापेटवर येतो आणि नव्वद अंशात खाली वळतो, पेंटर डावी-उजवीकडे सरकला की तोच दोर त्या कडेवर करवतीसारखा मागेपुढे होतो. तिथे जुना फायर होज उभा चिरून बसवायचा किंवा जाड रबर, नुसतं गोणपाट ठेवलं तर ते सरकतं आणि कुणी बघत नाही. दर वेळी झुला हलवला की कड परत बघायची. हे गच्चीवरच्या माणसाचं काम, आणि तो माणूस चहा आणायला खाली पाठवायचा नाही.

अजून एक, ॲसिड. टाइल्स किंवा जुना दगड असेल तर पेंटर ॲसिड मारतात सफाईला. नायलॉनला ॲसिड खातं, आणि पॉलिएस्टरला सिमेंटचं, चुन्याचं पाणी चांगलं नाही. दोर आणि बेल्ट केमिकलच्या डब्यांजवळ ठेवायचे नाहीत, आमच्याकडे वेगळी पेटी आहे, कुलूप लावलेली, उंदरांमुळे पण.

---

कातळवेडा

सह्याद्रीत कातळारोहण करतो, त्यामुळे दोर आणि गाठी हा आवडीचा विषय, थोडी भर घालतो. वरच्या दोघांनी जवळजवळ सगळं सांगितलंय.

बरेच जण आमच्याकडे ट्रेकची जुनी सामग्री मागायला येतात, पेंटरला द्यायला, सोसायटीच्या कामाला. देऊ नका आणि घेऊ पण नका. आमचा सिट हार्नेस कमरेला आणि मांड्यांना असतो, पुढून बांधायचा, चढणाऱ्याला त्यात पडायची सवय असते आणि खालून बिले देणारा, म्हणजे दोर धरून सांभाळणारा, असतो. पेंटर बेसावध पडतो, पाठीवर, डोकं खाली, बिनछातीच्या हार्नेसमधून तो उलटा निसटू शकतो. त्याला खांद्यावरून आणि छातीवरून पट्टा असलेलाच हवा, अडकवायची जागा पाठीत खांद्यांच्या मध्ये. आणि नुसता कमरेचा पट्टा तर विषयच नको, अमेरिकेत पडणं अडवायला कमरेचा बेल्ट वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, कारण सगळा झटका पोटात आणि मणक्यात जातो. आपल्याकडे अजून सर्रास दिसतो.

आमचा डायनॅमिक दोरही झुल्याच्या लाइफलाइनला देऊ नका. तो ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो. चढाईत ते हवं असतं, पण १४ मजल्यांवरून सोडलेल्या लाइफलाइनला तेवढा ताण आला तर माणूस खाली कुठल्या तरी छज्ज्यावर आपटेल. कमी ताणाचा दोर घ्या, ईएन १८९१ लिहिलेला असतो. ११ मिलिमीटरचा असतो बहुतेक, आणि त्यावर चालणारा रोप ग्रॅब, म्हणजे फॉल अरेस्टर, त्याच जाडीचा पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बाजारात १४-१६ मिमीच्या दोरासाठीचे ग्रॅब पण मिळतात, ते ११ च्या दोरावर बसवले तर वरवर अडकल्यासारखे वाटतात आणि झटक्याला सरळ सरकत जातात. ग्रॅबवर लिहिलेलं असतं कुठल्या दोराला.

ग्रॅबवर एक बाणही असतो, वरची दिशा दाखवणारा. उलटा बसवला तर तो लॉकच होत नाही. काम सुरू करायच्या आधी प्रत्येक माणसाने जमिनीवर उभं राहून ग्रॅब दोरावर लावायचा आणि खाली जोरात हिसका द्यायचा. धरला पाहिजे. आणि काम करताना ग्रॅब खांद्याच्या वर ठेवायचा, पेंटर लोक झुला खाली घेताना तो मांडीपाशी राहू देतात, मग पडताना आधी तेवढं मोकळं पडून मग अडकणार.

---

खजिनदार_ठाणे

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून गच्चीवर घेऊन गेलो होतो आज सकाळी. सहा बेल्टपैकी चार बाद झाले, दोन बरे आहेत पण त्यांना अब्सॉर्बर नाही. दोरावरून हात ओढला तर खरंच हात पांढरा झाला. रंगवाला दादा तुमचं खरं आहे, ती लाइन आमच्याच मीटिंगमध्ये कापली गेली होती, मी मिनिट्स काढून बघितले.

काम थांबवलंय. ठेकेदार चिडला पण आला समोर बसला. आता दोन प्रश्न उरलेत. एक, समजा सगळं नवीन आलं, एखादा माणूस पडला आणि दोरावर अडकला, तर पुढे काय? तो लटकलाय, शुद्धीवर आहे किंवा नाही, त्याला खाली कसं आणायचं? दुसरं, कमिटीचं म्हणणं की आपण लक्ष घातलं तर जबाबदारी आपल्यावर येते, यात कितपत तथ्य?

---

चाकणचा_सेफ्टीवाला

पहिला प्रश्न विचारलात याबद्दल खरंच बरं वाटलं, हा प्रश्न मोठमोठ्या साइटवर पण कुणी विचारत नाही. बेल्टने धरला म्हणजे वाचला असं समजून सगळे मोकळे होतात.

हार्नेसमध्ये माणूस न हलता लटकत राहिला की मांडीच्या पट्ट्यांचा दाब आणि पायांची हालचाल बंद यामुळे रक्त पायात साचायला लागतं, हृदयाकडे कमी परत येतं, आणि काही मिनिटांत चक्कर, मग बेशुद्धी येऊ शकते. बेशुद्ध झाला की अजून न हलता लटकतो, म्हणजे अजून वाईट. याला सस्पेन्शन ट्रॉमा म्हणतात. त्यामुळे त्याला मिनिटांत खाली किंवा वर घ्यायची सोय आपल्याकडे तयार पाहिजे, १०१ ला फोन जरूर करा पण त्यांची गाडी ट्रॅफिकमधून येईपर्यंत थांबायचं असं नियोजन नको. हार्नेसला बांधायचे छोटे पट्टे मिळतात, ट्रॉमा स्ट्रॅप, पडल्यावर माणूस ते सोडून त्यात पाय ठेवून उभा राहतो, मांडीवरचा दाब जातो. किंमत फार नाही, प्रत्येक हार्नेसला लावून घ्या. शुद्धीवर असेल तर वरून ओरडून सांगत राहायचं, पाय हलव, गुडघे वर घे.

गच्चीवर रेस्क्यूचा वेगळा दोर आणि पुली किट, वेगळ्या अँकरला आधीच बांधून ठेवलेलं, आणि ते वापरता येणारी किमान दोन माणसं. काम सुरू व्हायच्या आधी एकदा पहिल्या मजल्याच्या उंचीवरून करून बघा, वाळूची गोणी लटकवून. खाली आणल्यावर त्याला सरळ आडवं झोपवायचं, श्वास बघायचा, नेहमीचा प्रथमोपचार. पूर्वी सांगायचे की आडवं करू नका, बसवून ठेवा, पण ब्रिटनच्या एचएसईने, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार सुरक्षा संस्थेने, हे तपासलं तेव्हा त्याला आधार सापडला नाही, त्यामुळे तो जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि बरा वाटला तरी दवाखान्यात न्यायचाच.

दुसरा प्रश्न कायद्याचा, मी वकील नाही पण एवढं सांगतो. डोळे मिटून घेतले म्हणून जबाबदारी जात नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पूर्वी आयपीसी ३०४ अ होतं, आणि आता शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पोलीस आल्यावर ठेकेदाराबरोबर कमिटीलाही विचारणार, की तुम्हाला दिसत होतं का? तुम्ही तर काल बघितलंय आणि इथे लिहिलंय. वर्क ऑर्डरमध्ये सेफ्टीच्या अटी घाला, त्याच्याकडून डब्ल्यूसी पॉलिसीची, म्हणजे कामगारांच्या अपघात भरपाईच्या विम्याची, कॉपी घ्या, पॉलिसीत उंचीवरचं काम धरलंय का आणि किती माणसं धरलीत ते वाचा, नुसतं कव्हर पेज बघून फाइल करू नका. बाकी वकिलाला विचारा.

अजून दोन गोष्टी राहिल्या होत्या. नवीन लॅनयार्ड डबल हुकचा आणाल, त्यातला एक हुक मोकळा असतो तेव्हा माणसं तो कमरेच्या डी रिंगला अडकवतात, लोंबू नये म्हणून. तसं केलं तर पडताना झटका अब्सॉर्बरला वगळून सरळ कमरेवर येतो. मोकळा हुक छातीवरच्या पार्किंगच्या कडीलाच, ती जोर आला की सुटते, तशीच बनवलेली असते.

आणि लॅनयार्ड खालच्या मजल्यांवर उपयोगाचा नाही, हे लक्षात ठेवा. १.८ मीटरचा लॅनयार्ड, अब्सॉर्बर उलगडून जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, पाठीच्या रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर मोकळी जागा, म्हणजे अँकरपासून खाली जवळपास सहा मीटर रिकामे पाहिजेत, दोन मजले. तुमच्या एंट्रन्सच्या पोर्चच्या स्लॅबवर काम करताना बेल्ट घातलाय म्हणून समाधान मानलं तर माणूस बेल्टसकट जमिनीवर आपटेल. पोर्चला परांची बांधा, कठडा आणि फळ्या लावून, बेल्टचं कामच ठेवू नका.

---

रंगवाला_भांडुप

पोर्च आणि खालचे दोन मजले परांचीवरच करा, हे मीही सांगणार होतो. पाइपची परांची लावा, बांबूची नको.

बजेट परत मांडायचं असेल तर असं मांडा, सगळ्या सेफ्टी सामानाचा खर्च भागिले फ्लॅट. काही शे रुपये फ्लॅटमागे येतील, तेवढ्यासाठी कुणी मीटिंगमध्ये हात वर करून नाही म्हणणार नाही, मी बघितलंय. आणि सामान सोसायटीच्या नावाने घ्या, ठेकेदाराच्या नाही. काम संपल्यावर ते तुमच्याकडे राहतं, पुढच्या वर्षी टाकी साफ करायला, पाइप बदलायला, एसीवाल्या पोरांना पण देता येतं.

हार्नेस घालायचा कसा ते माणसांना दाखवायला लागतं. माझ्याकडे मालदाची, बिहारची मुलं येतात, चांगले कारागीर असतात पण कुणी कधी शिकवलेलंच नसतं, मांडीचे पट्टे सैल सोडतात, उकडतं म्हणून. मांडी आणि पट्ट्याच्या मध्ये आडवा तळहात जाईल एवढं घट्ट, मूठ जाता कामा नये. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर, पोटावर उतरलेला नको आणि गळ्याकडे नको. मग प्रत्येकाला जमिनीपासून फूटभर वर दोन मिनिटं लटकवायचं. कुठे टोचतंय, कुठे सरकतंय ते त्याला स्वतःलाच कळतं आणि त्यानंतर तो पट्टा आपण न सांगता आवळतो.

हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच. साधं साइटचं हेल्मेट मान वर केली की पडतं, आणि मग ते खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर. ब्रश, पत्रा, ग्राइंडर सगळं दोरीने मनगटाला किंवा झुल्याला बांधलेलं.

---

नवव्या_मजल्यावरची

एसीच्या मुलांना देता येतं हे फार आवडलं. आमच्या कमिटीला हीच कल्पना देते. गेटवर नोंद करतानाच विचारायचं, छज्ज्यावर उतरणार का, उतरणार असेल तर हार्नेस आणि तो दाराचा बार ऑफिसमधून घेऊनच वर जायचं. पण एक शंका, असं सोसायटीने विकत घेतलेलं सामान किती वर्षं चालतं? आणि दर वेळी ते ठीक आहे हे कोण बघणार, वॉचमन तर नाही ना?

---

चाकणचा_सेफ्टीवाला

वापरणारा प्रत्येक वेळी घालण्याआधी बघतो, ते पाच मिनिटांचं काम आहे. त्याशिवाय किमान १२ महिन्यांतून एकदा जाणकार माणसाकडून तपासून घ्यायचं आणि रजिस्टरमध्ये सिरीयल नंबरनुसार लिहायचं. सोसायटीत एक वही पुरे, नंबर, घेतल्याची तारीख, तपासल्याची तारीख, कुणाला दिलं, काय झालं. वय किती ते बनवणाऱ्याच्या पुस्तकात असतं, बरेच जण तारखेपासून जास्तीत जास्त दहा वर्षं म्हणतात, पण रोज उन्हात वापरला तर दोन-तीन वर्षांतही बाद होऊ शकतो. साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं, गच्चीवर उन्हात टाकून नाही. मीटर रूममध्ये नको, कोरडं कपाट हवं.

आणि एकदा कुणी त्यावर पडला की तो हार्नेस, तो लॅनयार्ड आणि दोराचा तो भाग संपला, बाहेरून कितीही नवा दिसला तरी.

---

खजिनदार_ठाणे

उद्या संध्याकाळी एसजीएम बोलावलीय, एकच विषय. इंजिनिअर परवा सकाळी कॉलमला खुणा करायला येतायत. हार्नेस, ११ मिमीचा दोर, त्याच मापाचे ग्रॅब, ट्रॉमा स्ट्रॅप आणि पोर्चला परांची याचं वेगळं कोटेशन मागवलंय, सोसायटीच्या नावाने. पेंटर मुलांशीही बोललो आज, त्यातला एक मालदाचाच आहे, त्याला मी जुना दोर दाखवला तर म्हणाला "हमको तो मालूम है साब, पर बोलेगा तो काम जाएगा". ते ऐकून फार वाईट वाटलं. काम थांबलंय त्या दिवसांची मजुरी सोसायटीने द्यावी असाही ठराव मांडतोय, त्यांची चूक नाही यात.

शेवटचं एक, ते बाद झालेले चार बेल्ट आणि निळा दोर ठेकेदार परत मागतोय, दुसऱ्या साइटला नेतो म्हणतो. देऊ का?

---

रंगवाला_भांडुप

देऊ नका. दिलेत तर ते उद्या दुसऱ्या इमारतीवर असतील. त्याच्या समोर कात्रीने खांद्याचे आणि मांडीचे पट्टे कापा, डी रिंगपासून लॅनयार्ड कापा, दोराचे हातभर तुकडे करा आणि मगच भंगारात टाका. अख्खा बेल्ट भंगारवाल्याकडे गेला तर धुऊन परत विकला जातो. भरपाई मागितली तर त्याच्या बिलात चार नवीन बेल्टचे पैसे सोसायटीने द्यावेत, वाद घालू नका त्यावर.

---

कातळवेडा

दोराचा एखादा तुकडा ठेवा पण, मीटिंगमध्ये लोकांच्या हातात द्यायला. प्रत्येकाने स्वतः मूठ आवळून ओढून बघू दे.